जुनी मोटार पारखताना

पेडण्याहून डिचोलीला जायचे तर नकाशावर वाट फारशी लांब दिसत नाही. धारगळ मागे पडले की कोलवाळचा पूल, पुढे म्हापसा, मग अस्नोडा आणि डिचोली. परंतु बसने जाणाऱ्या माणसाला हा प्रवास अंतराने मोजता येत नाही. म्हापशाच्या स्थानकावर एक बस सोडून दुसरी धरण्यात जो वेळ जातो, तोच त्याचा खरा पल्ला. सकाळी हे चालून जाते. तिन्हीसांज झाली, त्यात पावसाची सर कोसळू लागली आणि गावाकडची शेवटची बस निघून गेलेली असली, म्हणजे घरी पोचायचे कसे हा प्रश्न उभा राहतो. आणि घरात आजारी माणूस असेल तर तो प्रश्न नुसत्या गैरसोयीचा राहत नाही.

उदाहरणादाखल कोरगावचे एक घर घ्यावे. घरातील कर्ते गृहस्थ डिचोलीकडच्या एका शाळेत शिक्षक आहेत. म्हाताऱ्या आईला ठरलेल्या वारी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात न्यावे लागते. प्रत्येक खेपेला भाड्याची गाडी करणे परवडत नाही, आणि स्कूटरवर मागे बसण्याचे तिचे वय उरलेले नाही. पतसंस्थेचे थोडे कर्ज आणि थोडी शिल्लक मिळून अडीच लाख रुपये जमले आहेत. एवढ्यात नवी मोटार येत नाही. जुनीच घ्यावी लागणार. आणि जुनी मोटार फसवी निघाली तर पैसेही गेले, गाडीही गेली आणि कर्जाचे हप्ते मात्र उरले, अशी स्थिती होणार. श्रीमंताने जुनी गाडी चुकीची घेतली तर तो ती विकून दुसरी घेतो. या घराला दुसरी संधी नाही. म्हणून या घराने गाडी कशी पाहावी, एवढाच आजचा विषय आहे.

पेडणे तालुक्यातून बरीच माणसे पोर्तुगीज पासपोर्टावर विलायतेला गेली आहेत. बार्देशातून आणि सासष्टीतून तर विशेषच. स्विंडनसारख्या गावी त्यांची मोठी वस्ती झाली आहे. ही मंडळी सुटीवर आली की एक गोष्ट आवर्जून सांगतात. तिकडे मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची सरकारमान्य तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्या तपासणीत काय आढळले, त्या दिवशी गाडीच्या मीटरवर आकडा किती होता, हे नुसता गाडीचा क्रमांक घालून कोणालाही घरबसल्या पाहता येते. जर्मनीत नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. खुद्द पोर्तुगालमध्ये चौथ्या वर्षापासून दोन वर्षांआड, आणि गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी. त्यामुळे लिस्बनचा किंवा स्विंडनचा गरीब गिऱ्हाईक जेव्हा स्वस्तातली गाडी पाहायला जातो, तेव्हा त्याच्या आधी एक तटस्थ माणूस गाडीखाली वाकून पाहून गेलेला असतो.

आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांसाठी होते. त्या पंधरा वर्षांत धुराचा दाखला आणि विमा सोडला तर गाडी चालण्यास योग्य आहे की नाही, हे कोणी सरकारी माणूस पाहत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. त्याचे केंद्रीय शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारींसाठी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपलीकडच्या गाड्यांसाठी ते आणखी वाढवण्यात आले. पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील गाडी एवढी स्वस्त का मिळते, याचे उत्तर पुष्कळदा येथेच असते. सांगण्याचा मुद्दा हा की, दहा-बारा वर्षांच्या गाडीचे पूर्वायुष्य आपल्याकडे कोणत्याही एका वहीत लिहिलेले नसते. ते कागदांत, पत्र्यात आणि पाहणाऱ्याच्या नजरेत विखुरलेले असते आणि गिऱ्हाइकालाच ते गोळा करावे लागते. लहान पाकिटाच्या माणसाने मॉडेल विकत घेऊ नये, रंग तर मुळीच घेऊ नये; त्याने गाडीचे पूर्वायुष्य विकत घ्यावे.

गोव्यात जुन्या गाड्या येतात तरी कुठून? पहिला मोठा झरा किनाऱ्यावरचा. मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात पर्यटकांना भाड्याने दिलेल्या गाड्या आहेत. त्यांच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी. मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली. तेव्हापासून पेडण्यात टॅक्सीचा धंदाही वाढला. अशा गाड्यांचा परवाना रद्द करून त्यांची खासगी नोंद करता येते, आणि मग पाटी पांढरी होते. त्यात बेकायदा काही नाही. पण रोज नव्या हाताने हाकलेली गाडी आणि एका घरात वाढलेली गाडी यांत फरक असायचाच. नोंदणीच्या कागदावर पूर्वीचा वर्ग काय होता, मालक कितवा आहे, हे पाहिल्यावाचून पांढऱ्या पाटीवर विश्वास ठेवू नये.

दुसरा झरा दिल्लीचा. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या राजधानीच्या परिसरात चालवण्यास राष्ट्रीय हरित लवादाने बंदी केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर तिकडच्या मोठमोठ्या गाड्या स्वस्तात देशभर पसरल्या. भपका मोठा, किंमत लहान. पण परराज्यातील गाडी म्हणजे तेथील नोंदणी अधिकाऱ्याचा ना-हरकत दाखला, गोव्याचा रस्ताकर आणि नव्या क्रमांकाची खटपट. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तेथील क्रमांक घ्यावाच लागतो. हीच गोष्ट बांदा-सावंतवाडीच्या ‘एमएच-०७’ गाड्यांचीही. पत्रादेवीपलीकडून गाडी आणणे पेडणेकराला परगावी जाण्यासारखे वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती परराज्यातूनच आलेली असते. हा सारा खर्च किमतीत धरून मगच स्वस्त-महाग म्हणावे.

कोरगावच्या मास्तरांनी तीन गाड्या पाहिल्या असे समजू. पहिली मांद्र्याला, २०१९ ची, काचेसारखी चमकणारी. दुसरी कोलवाळला, आंब्याखाली उभी; तिचा मालक विलायतेत, किल्ली चुलतभावाकडे, आणि नऊ वर्षांत धाव केवळ अठरा हजार किलोमीटर. तिसरी साखळीला, एका निवृत्त परिचारिकेची, २०१५ ची साधी वॅगन-आर, दारावर एक ओरखडा, धाव चौऱ्याण्णव हजार. सामान्य माणसाचे मन प्रथम पहिलीकडे ओढ घेते, मग दुसरीकडे. तिसरी त्याला केवळ रस्त्यात लागली म्हणून पाहायची असते.

मांद्र्याची गाडी संध्याकाळी दाखवण्यात आली. गाडी दिवसाउजेडी पाहावी, आणि धुतलेली ओली गाडी तर पाहूच नये. पाण्याखाली रंगाची तफावत लपते. मास्तर शहाणे, ते दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या मेस्त्रीला घेऊन पुन्हा गेले. मेस्त्रीने बॉनेटचे बोल्ट पाहिले. पाना लागून त्यांचा रंग उडालेला होता. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनावटीचे वर्ष सांगणारी खूण असते. मागच्या डाव्या दाराच्या काचेवरील खूण इतरांशी जुळत नव्हती. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. धाव तीस हजारांची सांगितली जात होती, आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले. पेडलचे रबर गुळगुळीत झालेले. मीटर मागे फिरवता येतो. रबर मागे फिरवता येत नाही.

मग मेस्त्री जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली गेला. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण गोव्यातील जुन्या मोटारीचे मरण बहुधा इंजिनात नसते, पत्र्यात असते. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेल्या दिवसांत दमट हवा, आणि किनाऱ्यालगत वाऱ्याबरोबर येणारे मीठ. लोखंडाला याहून वाईट शेजार मिळणे कठीण. केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत रोज उभी राहणारी गाडी आणि साखळीच्या घरातील पडवीत उभी राहणारी गाडी एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेल्या असल्या, तरी आठ वर्षांनी त्या बहिणी वाटत नाहीत. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून दिसतो तो केवळ रंगाचा एक फुगवटा. दाराखालची लांब पट्टी, चाकांच्या वरची कमान, डिकीत जादा चाक ठेवायचा खळगा, आणि पुढच्या शॉकॲब्सॉर्बरची वरची बैठक, या चार ठिकाणी बोटाने दाबून पाहावे. वरवरचा गंज घासून रंग देता येतो. पण बैठकीला किंवा खालच्या चौकटीला भोक पडले असेल तर ती गाडी कोणत्याही किमतीला स्वस्त नव्हे. वेगात असताना ती दगा देऊ शकते. गाडीखाली नवाकोरा काळा लेप दिसला तर आनंद मानण्याआधी त्याखाली काय झाकले आहे ते पाहावे. मांद्र्याच्या गाडीखाली तसाच लेप होता.

“मास्तर, बाहेरचा रंग गिऱ्हाइकासाठी असतो, आणि खालचा रंग मेस्त्रीसाठी,” एवढेच मेस्त्री अंग झाडीत म्हणाला. मास्तरांना अर्थ समजला.

गंजाची सख्खी बहीण म्हणजे पुराचे पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणातून पाणी सोडल्यावर शापोरा नदीकाठच्या गावांत ते शिरले. जुलै २०२१ च्या पुराने डिचोली, सत्तरीसह राज्याच्या अनेक भागांत हाहाकार केला. आणि वाळवंटी नदी चढली की साखळीचा बाजार धास्तावतो, हे तर तेथील लोकांना सांगायला नको. पाण्यात बुडालेली मोटार वाळते, धुतली जाते आणि विकायला येते. पहिल्या चार-सहा महिन्यांत ती चालतेही. मग तारांचे सांधे हिरवे पडू लागतात, खिडक्या अर्ध्यावर अडकतात आणि एखाद्या रात्री गाडी सुरूच होत नाही. अशी गाडी ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. वरचा भाग धुतात; आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ तशीच राहते. आसनाखालचे खिळे-बोल्ट गंजलेले, गालिच्याला कुबट वास आणि त्यावर सुगंधी द्रव्याचा मारा, एवढे जुळले की आणखी पुरावा नको.

आता कोलवाळची आंब्याखालची गाडी. नऊ वर्षांत अठरा हजार! हा आकडा ऐकून कोणाचेही डोळे चमकतील, आणि आकडा खराही असेल. परंतु उभी राहिलेली गाडी तरुण राहते, ही समजूत डिचोली तालुक्यात तरी कोणी बाळगू नये. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. त्या दोन्ही वेळी खनिजाचे ट्रक दारोदार ओळीने उभे राहिले, आणि उभे राहून यंत्राची काय दशा होते ते मये, शिरगाव, मुळगाव या गावांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. ट्रकचे जे झाले तेच मोटारीचे होते. टायरचे रबर न धावताच चिरा पडून कडक होते, ब्रेक जागच्या जागी धरून बसतात, इंजिनाच्या फटी राखणारी रबरे सुकतात, टाकीतले पेट्रोल नासते, आणि उंदीर तारा कुरतडून ठेवतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओल ओढून घेते. त्यामुळे टाकीत पेट्रोल ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करणे पूर्वीपेक्षाही वाईट. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. त्या चालतात, थोडे अधिक पेट्रोल पितात. पण त्यांच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि पंप घेताना तपासावेत, गळू लागल्यास लगेच बदलावेत.

कोलवाळच्या गाडीची दुसरी अडचण यंत्राची नव्हती. मालक विलायतेत. सही कोण करणार? चुलतभावाकडे किल्ली होती, गाडी विकण्याचा अधिकार नव्हता. अशा वेळी रीतसर मुखत्यारपत्र पाहिल्यावाचून इसार म्हणून शंभर रुपयेही देऊ नयेत. चुलतभाऊ सज्जन असेल. प्रश्न सज्जनपणाचा नाही. मालकाच्या नावाशी जोडलेल्या मोबाइलवर संदेश गेल्याशिवाय आज पुष्कळशी कामे पुढे सरकत नाहीत, आणि तो मोबाइल कधीच बंद झालेला असतो. मालक निवर्तला असेल तर वारसांचा प्रश्न आणखी निराळा. त्यासाठी वेगळा अर्ज आहे आणि साऱ्या वारसांची संमती जुळेपर्यंत गाडी अंगणातच गंजत राहते.

तिसरी, साखळीची. परिचारिकेने एका जाडजूड पाकिटातून कागद काढले: नोंदणीचे कार्ड, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, अधिकृत दुरुस्ती केंद्राच्या पावत्या वर्षवारीने लावलेल्या, आणि विमापत्रे. हे पाकीट म्हणजेच त्या गाडीची खरी किंमत. पावत्यांवर तारीख असते आणि मीटरचा आकडाही असतो. एकापुढे एक ठेवल्या की धाव खरी की खोटी ते आपोआप कळते. आणि विमापत्रात एक रकाना असतो, ज्याकडे शंभरांतील नव्वद गिऱ्हाइके पाहत नाहीत. गेल्या वर्षी नुकसानीचा दावा केला नसेल तर कंपनी पुढच्या हप्त्यात सूट देते; ती वीस टक्क्यांपासून चढत लागोपाठ पाच निर्धोक वर्षांनंतर पन्नास टक्क्यांवर जाते. ज्या विमापत्रावर पन्नास टक्क्यांची सूट आहे त्या गाडीसाठी पाच वर्षे अपघाताचा वा पुराचा दावा झालेला नाही. पदरमोड करून केलेली दुरुस्ती त्यात दिसणार नाही हे खरे, तथापि युरोपातील तपासणीच्या वहीच्या सर्वांत जवळ येणारा कागद आपल्याकडे हाच. ही सूट माणसाची असते, गाडीची नसते. गाडी विकल्यावर ती विकणाऱ्याकडे राहते आणि नव्या धन्याला फरकाची रक्कम भरावी लागते, हेही आधीच लक्षात ठेवावे.

कागदांवरून गाडीकडे वळताना शासनाच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून पाहावा. कर्जबोजा, विम्याची मुदत, न भरलेले दंड, काळ्या यादीतील नोंद, यांपैकी बरेच तेथे कळते. कर्जबोजा दिसत असेल तर बँकेचा दाखला आणि तो बोजा उतरवण्याचा अर्ज हातात आल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये. चासीचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक कार्डावरील आकड्यांशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा. हे काम पाच मिनिटांचे. भिडेपोटी लोक ते टाळतात.

साखळीची गाडी सकाळी, इंजिन गार असताना सुरू करण्यात आली. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दुखणे सांगत नाही. धूर निळसर असेल तर तेल जळते आहे. काळा असेल तर पेट्रोल वाया जाते आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर पाणी नको तेथे शिरते आहे. तेलाचे झाकण उघडून आत मलईसारखा थर दिसला तरी तीच शंका. मेस्त्रीला असे काही दिसले नाही. मग गाडी चढावर नेली, सपाट रस्त्यावर हात सैल सोडून ती एका बाजूस ओढते का ते पाहिले, खड्ड्यातून हळू नेऊन पुढच्या चाकांकडून येणारा आवाज ऐकला. एक खडखड होती. डिचोली तालुक्याच्या रस्त्यांवर, जेथे लाल मातीचे थर हवेच्या जाळीत आणि रबरी बुशांत जाऊन बसतात, तेथे ती असायचीच. क्लच थोडा वर धरत होता. टायर दोन बदलावे लागणार होते. किल्ली फिरवताच हवेच्या पिशवीचा दिवा लागून पुन्हा विझला, हे बरे लक्षण. मुळीच न लागणारा दिवा म्हणजे कोणी तरी तो काढून टाकलेला असू शकतो. चालकासमोर हवेची पिशवी प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून, आणि चाके न अडकू देणारा ब्रेक त्याच वर्षीच्या एप्रिलपासून. त्याआधीच्या गाड्यांत ही साधने ज्या त्या प्रकारानुसार असत किंवा नसत. थोडे पैसे अधिक पडले तरी ती असलेली गाडी घ्यावी. येथे काटकसर करू नये.

कोणती कंपनी, कोणते मॉडेल, यावर चहाच्या टपरीवर तासन् तास वाद होतो. त्याला फारसे महत्त्व नाही. पण एका गोष्टीला आहे. सुटे भाग जवळ मिळतात काय? गोव्याला हा धडा जुना आहे. पोर्तुगीज अमदानीत येथे ओपेल, मर्सिडीज, फोक्सवागन अशा नामांकित परदेशी गाड्या मुरगावच्या बंदरातून उतरत. १९ डिसेंबर १९६१ रोजी राज्य बदलले, आयातीचे दार बंद झाले, आणि त्या उत्तम गाड्यांना साधे भाग मिळेनात. येथील मेस्त्रींनी त्या पुढे वर्षानुवर्षे टॅक्सी म्हणून चालवून दाखवल्या, ही त्यांच्या हाताची करामत. प्रत्येकाला तसा मेस्त्री लाभत नाही. अलीकडे शेवरोलेने २०१७ मध्ये आणि फोर्डने २०२१ मध्ये भारतातील आपला बाजार आवरला. त्यांच्या जुन्या गाड्या म्हणूनच स्वस्त मिळतात. गाड्या वाईट नव्हेत. पण पेडण्याच्या गॅरेजात एखाद्या भागासाठी दोन आठवडे उभी राहणारी गाडी आईला इस्पितळात नेऊ शकत नाही. डिझेलचेही तसेच. रोज दूर धावणाऱ्याला ते परवडेल. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी धरणारी जाळी असते, आणि केवळ बाजार-शाळा अशा लहान फेऱ्यांनी ती तुंबते. तिची दुरुस्ती लहान पाकिटाला झेपणारी नव्हे.

साखळीच्या गाडीची मागणी दोन लाख पस्तीस हजारांची होती. मास्तरांनी घरूनच हिशेब करून आणला होता: गाडीला सव्वादोन लाखांहून अधिक नाही, आणि २५,००० रुपये हातात शिल्लक. जुनी गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात तेल, गाळण्या, ब्रेकचे पाणी, बॅटरी आणि टायर यांवर खर्च होतोच. सारे पैसे किमतीत ओतणारा माणूस तो खर्च पुढे ढकलतो आणि मग रस्त्यात उभा राहतो. मेस्त्रीने दाखवलेला क्लच, दोन टायर आणि बुश यांचा खर्च मास्तरांनी कागदावर मांडून परिचारिकेपुढे ठेवला. घासाघीस झाली नाही. “सर, कागद बरोबर आहे तुमचा,” असे म्हणून बाईंनी दोन लाख पंधरा हजारांवर होकार दिला. मेस्त्रीला त्याच्या दोन सकाळींचे पैसे मास्तरांनी वेगळे दिले. पुष्कळ लोक ते देत नाहीत, आणि मग मेस्त्री विकणाऱ्याकडून दलाली घेतो म्हणून कुरकुरतात.

दुकानदाराकडून गाडी घेणाऱ्याने दोन गोष्टी जाणाव्यात. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे, असा नियम एप्रिल २०२३ पासून आला. ते दाखवण्यास सांगावे. आणि जानेवारी २०२५ पासून अशा नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर अठरा टक्के कर बसला, जो शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी येतो. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान मोटारींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि त्या स्वस्त झाल्या. त्याआधीच्या जुन्या गाडीच्या भावाचा दाखला देणाऱ्याला ही तारीख आठवण करून द्यावी.

पैसे दिले, किल्ली घेतली, नारळ फोडला किंवा पाद्रीकडून आशीर्वाद देवविला, की व्यवहार संपला असे बहुतेकांना वाटते. वास्तविक सर्वांत मोठा धोका येथून पुढे सुरू होतो, आणि तो विकणाऱ्यालाही असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील एका निकालाची हकीगत अशी: एका गृहस्थाने आपली मोटार विकली. घेणाऱ्याने ती दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला दिली. नोंदणीच्या कागदावर नाव मात्र पहिल्याचेच राहिले. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला आणि एकाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितले की ज्याचे नाव नोंदणीत, तो कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी किती हातांतून गेली याचा शोध घेत अपघातग्रस्तांनी भटकावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही.

तेव्हा एकाच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. त्यासाठी एकोणतीस आणि तीस क्रमांकांचे नमुने आहेत. विमापत्रावरील नाव बदलण्यासाठी घेणाऱ्याला चौदाच दिवस मिळतात. कोरे नमुने सह्या करून हातात ठेवणे आणि ‘नाव सवडीने करू’ म्हणणे, ही आपल्या गावांतील सार्वत्रिक रीत आहे. तिने किती सज्जनांची झोप उडवली असेल ते कोर्टकचेऱ्यांनाच ठाऊक.

परिचारिकाबाईंनी सारी रक्कम एका दिवसात मागितली नाही, आणि मास्तरांनीही दिली नाही. दोन लाख बँकेतून गेले. उरलेले पंधरा हजार नाव बदलण्याचा अर्ज दाखल झाल्याची पावती हाती येईल त्या दिवशी द्यायचे, असे एका साध्या कागदावर दोघांनी लिहून सह्या केल्या. गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळही त्यात घातली, म्हणजे त्याआधीचा दंड बाईंचा आणि नंतरचा मास्तरांचा. चार दिवसांनी दोघेही डिचोलीच्या वाहतूक कार्यालयात एकत्र गेले. पावती मिळाल्यावर मास्तरांनी तेथल्या तेथे उरलेले पैसे दिले. बाईंनी पाकिटातील पावत्यांचा गठ्ठा त्यांच्या हाती ठेवला, आणि डाव्या बाजूची मागची काच पावसात जरा जड सरकते, तिला हाताने आधार द्यावा, एवढे सांगून त्या साखळीच्या बसकडे निघाल्या. मास्तरांनी त्यांना बसने जाऊ दिले नाही.